मुंबईतील कापडगिरण्यांच्या इमारतींचा पुनर्वापर

मुंबईतील कापडगिरण्यांच्या इमारतींचा पुनर्वापर म्हणजे मध्य मुंबईतील बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या मूळ वास्तू पूर्णपणे न पाडता त्यांची दुरुस्ती करून त्या कार्यालये, दुकाने, उपाहारगृहे, कलादालने, चित्रीकरणस्थळे किंवा संग्रहालय अशा निराळ्या उपयोगांसाठी वापरात आणण्याची प्रक्रिया होय. इ.स. १९८२च्या संपानंतर या इमारती मोठ्या संख्येने रिकाम्या होऊ लागल्या आणि १९९०च्या दशकापासून त्यांच्या पुनर्वापरास वेग आला. लोअर परळ, डिलाईल रोड, वरळी, दादर, लालबाग, काळाचौकी, शिवडी व भायखळा हा भाग, म्हणजेच पूर्वीचे गिरणगाव, हे या प्रक्रियेचे मुख्य क्षेत्र आहे.

जगातील अनेक औद्योगिक शहरांत जुन्या कारखान्यांचा पुनर्वापर हा वारसा जतनाचा एक मार्ग मानला जातो. मुंबईत मात्र हा विषय जमिनीची मालकी, विकास नियंत्रण नियम, गिरणी कामगारांची थकीत देणी व त्यांची घरे आणि सार्वजनिक सुरक्षितता या प्रश्नांशी जोडलेला राहिला. त्यामुळे इमारत टिकली की पाडली गेली, एवढ्यावरून येथील पुनर्वापराचे मूल्यमापन करता येत नाही.

पार्श्वभूमी

कावसजी नानाभाई दावर यांनी इ.स. १८५४ मध्ये 'बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' स्थापन केली. ताडदेव येथील या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. मुंबईतील ही पहिली कापडगिरणी होय. पुढील अर्धशतकात भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्यांची रांग उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे इत्यादी जिल्ह्यांतून आलेल्या माणसांनी या गिरण्या चालवल्या. त्यांच्या वस्तीसाठी चाळी उभ्या राहिल्या. एकट्याने राहणाऱ्यांसाठी खानावळी व गावकीच्या खोल्या निघाल्या. भजनी मंडळे, व्यायामशाळा, कलापथके व कामगार रंगभूमी यांमुळे गिरणगावाला स्वतःची सांस्कृतिक ओळख लाभली. पहाटेच्या पाळीचा भोंगा हा या वस्तीचा सामाईक गजर होता.

डिलाईल रोड हा गिरणगावातील एक प्रमुख रस्ता. कामगार चळवळीतील अग्रणी नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) यांच्या स्मरणार्थ त्याला 'ना. म. जोशी मार्ग' असे नाव देण्यात आले. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली होती. १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकीही ते एक होते. अधिकृत नाव बदलले तरी स्थानिक बोलण्यात 'डिलाईल रोड' हेच नाव रूढ राहिले. या रस्त्यावर व त्याच्या आसपास अपोलो, सीताराम, मथुरादास आदी गिरण्या होत्या. याच रस्त्यालगत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधलेल्या ३२ बीडीडी चाळी होत्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले होते. हा संप औपचारिकरीत्या मागे घेतला गेला नाही, तो हळूहळू विरत गेला. दरम्यान अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने सुरू झाल्या नाहीत. यंत्रमागाची स्पर्धा, जुनी यंत्रसामग्री व नव्या गुंतवणुकीचा अभाव ही गिरणी उद्योगाच्या ऱ्हासाची कारणे संपापूर्वीपासूनच अस्तित्वात होती. त्याच वेळी मुंबईतील जमिनीचे भाव वाढत गेले आणि कापड विणण्यापेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची ठरू लागली.

इमारतींची रचना

पुनर्वापराच्या दृष्टीने गिरणीच्या आवारातील इमारतींचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

सूतकताईच्या इमारती बहुधा बहुमजली असत. जाड दगडी वा विटांच्या भिंती, ओळीने उभे असलेले ओतीव लोखंडाचे खांब, त्यांवर लोखंडी किंवा सागवानी तुळया आणि उंच छत अशी त्यांची रचना असे. पूर्वी एका मोठ्या वाफेच्या इंजिनाची गती दोरखंड, पट्टे व फिरते दांडे यांच्या साहाय्याने प्रत्येक मजल्यावरील यंत्रांपर्यंत पोचवली जात असे. यंत्रांचे वजन व कंपन सोसण्यासाठी जमिनी भक्कम बांधलेल्या असत. हाच भक्कमपणा पुढे कार्यालये व दुकाने थाटताना उपयोगी पडला.

साचेखाते, म्हणजे विणकामाची शेड, बहुधा एकमजली व अतिशय विस्तीर्ण असे. तिचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती व दुसरी उभी किंवा जवळजवळ उभी असून उभ्या बाजूला काचा बसवलेल्या असत. उत्तर गोलार्धात उत्तरेकडून येणारा प्रकाश दिवसभर बराचसा सम असतो व त्यात थेट ऊन फारसे येत नाही. म्हणून काचांची बाजू उत्तरेकडे ठेवण्याची पद्धत होती. त्यामुळे धाग्यातील दोष स्पष्ट दिसत आणि शेड उन्हाने तापत नसे. चित्रे, छायाचित्रे किंवा आरेखनाचे काम यांसाठी असाच प्रकाश लागतो. साचेखात्यांत कलादालने व वास्तुरचनाकारांची कार्यालये सहज सामावली, याचे हे एक कारण आहे.

धुराडे, ज्याला कामगारांच्या बोलीत 'चिमणी' म्हणत, हे बाष्पकाच्या भट्टीशी जोडलेले असे. उंच बांधणीमुळे धूर वर नेला जाई आणि भट्टीला हवेचा जोरदार ओढा मिळे. विजेवर चालणारी यंत्रे आल्यावर तिचे काम कमी होत गेले, पण गिरणगावाच्या क्षितिजरेषेवर चिमण्या शेवटपर्यंत राहिल्या.

तलाव, गोदामे व दरवाजा हा चौथा भाग. बाष्पक व इतर प्रक्रियांना लागणारे पाणी साठवण्यासाठी काही गिरण्यांच्या आवारात तलाव असत. कापसाची गोदामे आगीच्या भयाने मुख्य इमारतीपासून दूर बांधली जात. मुख्य दरवाजा, हजेरीची कचेरी आणि घड्याळ हे सारे एकत्र असे. द्वारसभा याच दरवाजावर होत. त्यामुळे कामगार चळवळीच्या इतिहासात या जागेला वेगळे महत्त्व आहे.

दुरुस्तीचे तांत्रिक प्रश्न

जुन्या गिरणीची दुरुस्ती ही नव्या बांधकामापेक्षा वेगळी असते. भिंतींतील दगड-विटा चुन्याच्या दर्जांनी जोडलेल्या असतात. चुना भिंतीतील ओलावा बाहेर पडू देतो. सिमेंटचा गिलावा त्या मानाने घट्ट असल्यामुळे ओल आत कोंडून राहते, क्षार साठतात व दगड-विटांचा पृष्ठभाग सुटू लागतो. म्हणून अशा भिंतींची डागडुजी चुन्यानेच करावी, असे संवर्धनशास्त्र सांगते. मुंबईच्या पावसाळ्यात या नियमाकडे झालेले दुर्लक्ष दोन-तीन वर्षांतच दिसू लागते.

ओतीव लोखंडाचा खांब वरून येणारा भार उत्तम पेलतो, परंतु वाकवणारा किंवा ताणणारा जोर त्याला सोसत नाही. अशा वेळी तो पूर्वसूचना न देता तडकतो. आगीत तापलेल्या खांबावर एकदम गार पाणी पडल्यासही तो तडकू शकतो. त्यामुळे मधला मजला नव्याने घालताना किंवा खांबाला भोके पाडून तुळई जोडताना आधी भारगणना करणे आवश्यक ठरते. धागा तुटू नये म्हणून खात्यांतील हवा मुद्दाम दमट ठेवली जात असे. या दमटपणाने वर्षानुवर्षे लोखंड गंजलेले असते. लाकडी तक्तपोशीत यंत्रांचे तेल मुरलेले असते व ते आगीस पोषक ठरते. काही शेडवर पुढील काळात ॲस्बेस्टॉसचे पत्रे घातले गेले. ते फोडताना उडणारे तंतू फुप्फुसांना घातक असल्याने ते काढण्यासाठी विशेष काळजी घ्यावी लागते.

चिमणीच्या बाबतीत सांध्यांतील चुना झिजणे, लोखंडी पट्टे गंजणे, वीजवाहक तार नादुरुस्त असणे आणि वड-पिंपळाची रोपे रुजणे हे नेहमीचे दोष आहेत. रोप वरवर कापल्यास मुळे आत वाढत राहतात व बांधकाम फुटते. त्यामुळे ते मुळासकट काढून सांधा पुन्हा भरावा लागतो. चिमणीपासून मालकाला भाडे मिळत नाही आणि देखभालीचा खर्च मात्र दरवर्षी असतो. त्यामुळे पुनर्वापरात सर्वांत आधी बळी जाणारी वास्तू बहुधा चिमणीच असते.

कायदेशीर चौकट

मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ हा गिरण्यांच्या जमिनींविषयी होता. त्याच्या मूळ रूपानुसार गिरणीची मोकळी जमीन आणि इमारती पाडून मोकळी होणारी जमीन यांचे ढोबळमानाने तीन भाग करावयाचे होते. एक भाग मैदाने व उद्यानांसाठी महापालिकेला, एक भाग परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला भाग विकासासाठी मालकाला, अशी ही विभागणी होती. त्या वेळी मुंबईत एकूण ५८ गिरण्या गणल्या जात होत्या. त्यांपैकी २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, ३२ खाजगी व एक राज्य महामंडळाची होती. या सर्वांखाली मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती.

याच नियमात अस्तित्वात असलेल्या बांधकामाचा वापर बदलण्याची वेगळी तरतूद होती. इमारत न पाडता तिचा उपयोग बदलल्यास तिच्याखालील जमिनीची विभागणी करावी लागत नसे. त्यामुळे जुनी शेड टिकवणे हे काही मालकांच्या दृष्टीने वारसा जतनापेक्षा जमीन न वाटता उत्पन्न सुरू करण्याचे साधन ठरले. मुंबईतील सुरुवातीच्या पुनर्वापराचे स्वरूप समजून घेण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

राज्य शासनाने नेमलेल्या, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ मध्ये अहवाल दिला. गिरण्यांच्या जमिनींचा सुटासुटा विचार न करता त्यांचे एकत्रित नियोजन करावे, अशी या समितीची भूमिका होती. ती प्रत्यक्षात आली नाही. २००१ मध्ये नियम ५८ मध्ये बदल करण्यात आला. विभागणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करावयाची आणि इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून वगळावयाची, असा या बदलाचा आशय होता. त्यामुळे सार्वजनिक मैदाने व घरे यांच्या वाट्याला येणारी जमीन मोठ्या प्रमाणात घटली. त्याचबरोबर इमारत राखण्याचे आर्थिक कारणही मालकांपुढे उरले नाही. पाडकाम करूनही जमीन हाती राहणार असल्याने उंच मनोरा बांधणे अधिक फायद्याचे झाले.

या बदलास बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने जनहित याचिकेद्वारे आव्हान दिले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून सुधारित नियम कायम ठेवला. त्यानंतर पाडकामास वेग आला.

मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियम व श्रेणीनिहाय यादी लागू आहे. गिरणगावातील बहुसंख्य गिरण्या या संरक्षणाबाहेर राहिल्या. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला २००४ मध्ये, तर व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. ज्या उद्योगाच्या संपत्तीवर या शहराची उभारणी झाली, त्या उद्योगाच्या इमारतींना असे स्थान मिळालेले नाही.

प्रमुख उदाहरणे

फिनिक्स मिल, लोअर परळ

१९०५ मध्ये स्थापन झालेली फिनिक्स मिल सेनापती बापट मार्गावर आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिच्या जुन्या इमारतींत बोलिंगचे क्रीडागृह व इतर करमणुकीची साधने सुरू झाली आणि त्यानंतर दुकाने आली. पुढे हा परिसर 'हाय स्ट्रीट फिनिक्स' या नावाने ओळखला जाऊ लागला. आवारात काही जुन्या वास्तूंचे अवशेष व चिमणी राखली गेली आणि त्यांच्या शेजारी नव्या इमारती उभ्या राहिल्या. या गिरणीच्या वापरबदलास कामगार संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला होता. गिरणीच्या जागेवर करमणूक केंद्र उभे राहणे हे गिरणगावातील बदलाचे प्रतीक म्हणून त्या काळात वारंवार उद्धृत झाले.

मथुरादास मिल, डिलाईल रोड

ना. म. जोशी मार्गावरील मथुरादास मिलचे आवार एकसंध मॉल न होता लहान लहान गाळ्यांत विभागले गेले. जाहिरात व आरेखन कंपन्या, चित्रपटनिर्मितीशी संबंधित कार्यालये, उपाहारगृहे अशा अनेक भाडेकरूंनी हे गाळे घेतले. येथील एका जुन्या गोदामात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' हे संगीतगृह सुरू झाले. सुमारे नऊ वर्षे ते चालले. स्वतंत्र संगीतकारांना मिळालेले व्यासपीठ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. लहान भाडेकरू, कमी बदल आणि मूळ छपराचा वापर हे या प्रकाराचे वैशिष्ट्य आहे. इमारतीची मूळ ओळख अशा वापरात अधिक टिकते, परंतु एकत्रित देखभालीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनेक भाडेकरूंमुळे अवघड होतो.

रघुवंशी मिल व कमला मिल, लोअर परळ

रघुवंशी मिलच्या आवारात गृहसजावटीच्या वस्तूंची दुकाने व दालने आली. कमला मिलच्या आवारात कार्यालये, प्रसारमाध्यमांच्या कचेऱ्या आणि नंतर मोठ्या संख्येने उपाहारगृहे सुरू झाली. कमला मिलमध्ये जुन्या शेडबरोबर नवे बांधकामही मोठ्या प्रमाणावर झाले. २०१७च्या आगीमुळे हे आवार देशभर चर्चेत आले.

मुकेश मिल, कुलाबा

गिरणगावाबाहेर, समुद्रालगत असलेली ही गिरणी बंद पडल्यावर तिची डागडुजी न होता ती भग्नावस्थेतच राहिली आणि हिंदी चित्रपट, जाहिराती व दूरचित्रवाणी मालिकांच्या चित्रीकरणासाठी वापरली जाऊ लागली. पडक्या भिंती हेच येथे आकर्षण असल्यामुळे जतन व ऱ्हास यांतील सीमारेषा पुसट होते.

इंडिया युनायटेड मिल क्र. २ व ३, काळाचौकी

सार्वजनिक पुनर्वापराचे हे मुंबईतील महत्त्वाचे उदाहरण आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या या गिरणीच्या जागेवर मुंबई महानगरपालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला. पहिल्या टप्प्यात गिरणीतील तलाव व त्याभोवतालच्या परिसराचा विकास, तर पुढील टप्प्यात जुन्या इमारतींचा संग्रहालयासाठी उपयोग, अशी योजना आहे. गिरणीतील यंत्रे, कापड आणि कामगार जीवन यांचे एकत्र दर्शन मूळ जागीच घडावे, हा त्यामागील हेतू आहे.

पाडण्यात आलेल्या गिरण्या

२००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ज्युपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो, मुंबई टेक्सटाइल व कोहिनूर क्र. ३ या पाच गिरण्यांच्या जमिनींची विक्री केली. त्यातून सुमारे २,०२० कोटी रुपये उभे राहिले. या जागांवर कार्यालयीन संकुले व निवासी मनोरे उभे राहिले. डिलाईल रोडवरील अपोलो मिल ही त्यांपैकीच एक. श्रीनिवास, श्रीराम, सिम्प्लेक्स आदी खाजगी गिरण्यांच्या जागीही गगनचुंबी इमारती आल्या.

दादर येथील इंडिया युनायटेड मिल क्र. ६, म्हणजे इंदू मिल, हे निराळे उदाहरण आहे. चैत्यभूमीलगतची ही सुमारे साडेबारा एकर जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी देण्यात आली. स्मारकाची पायाभरणी ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाली. येथे गिरणीची वास्तू राहिली नाही, परंतु दीर्घ लोकआंदोलनानंतर जमीन सार्वजनिक कार्यासाठी मिळाली.

सुरक्षितता

२९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारातील एका इमारतीच्या गच्चीवर असलेल्या उपाहारगृहांत आग लागली. त्यात १४ जणांचा मृत्यू झाला. ज्वलनशील साहित्याचे आच्छादन आणि बाहेर पडण्याच्या मार्गांची अपुरी सोय यांवर या दुर्घटनेनंतर प्रखर प्रकाश पडला. महापालिकेने शहरभर अनधिकृत बांधकामांविरुद्ध कारवाई केली. वापर बदलला की इमारतीतील माणसांची संख्या, त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा, स्वयंपाकाचा इंधनसाठा व वीजभार हे सारे बदलते. त्यानुसार जिने, दरवाजे, पाण्याचा साठा व अग्निशामक गाडीचा मार्ग यांची नव्याने आखणी करावी लागते, हा या घटनेचा धडा होय.

त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाला परळ स्थानकाशी जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. पूर्वी गिरणी कामगार बहुतांशी गिरणीच्या आसपास राहत व पायी कामावर जात. त्यांच्या जागी आलेला कर्मचारीवर्ग उपनगरांतून रेल्वेने येऊ लागला. गिरण्यांच्या आवारात कार्यालये वाढत गेली, पण स्थानकांवरील पूल व रस्ते त्या प्रमाणात वाढले नाहीत.

रिकाम्या सोडलेल्या गिरण्यांचा धोकाही वेगळा नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये महालक्ष्मी येथील ओसाड शक्ती मिलच्या आवारात एका छायाचित्र पत्रकार युवतीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर बंद गिरण्यांच्या आवारांची राखण व प्रकाशव्यवस्था यांचा प्रश्न ऐरणीवर आला. भर वस्तीतील मोठी वास्तू वर्षानुवर्षे वापराविना ठेवणे हे जतन नव्हे, हेही या घटनेने दाखवून दिले.

कामगारांचे प्रश्न व टीका

गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीतून कामगारांची देणी द्यावीत व त्यांना मुंबईतच घरे मिळावीत, ही कामगार संघटनांची प्रमुख मागणी राहिली. १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर यांच्या नेतृत्वाखाली 'बंद गिरणी कामगार संघर्ष समिती' स्थापन झाली. तिने उपोषणे, मोर्चे व न्यायालयीन लढा या मार्गांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे म्हाडामार्फत कामगार व त्यांच्या वारसांसाठी घरांची सोडत काढण्यात येऊ लागली. जून २०१२च्या सोडतीत ६,९२५ घरे होती. घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगार व वारसांची संख्या दीड लाखाहून अधिक असल्यामुळे बहुसंख्यांची प्रतीक्षा संपली नाही. मुंबईत पुरेशी जमीन नसल्याचे कारण देऊन घरे मुंबईबाहेर देण्याच्या योजना पुढे आल्या. नियम ५८ मधील बदलाचा थेट परिणाम तो हाच, असे कामगार संघटनांचे म्हणणे आहे.

पुनर्वापरावरील टीकेचे मुख्य मुद्दे पुढीलप्रमाणे मांडले जातात :

• चिमणी, खांब व विटांची भिंत सजावटीसाठी ठेवली जाते, परंतु तेथे कोणती खाती होती व कोण काम करीत होते, याची माहिती देणारा साधा फलकही अनेक ठिकाणी आढळत नाही.

• नव्या वापरातून निर्माण झालेल्या नोकऱ्या इंग्रजी जाणणाऱ्या शिक्षित वर्गासाठी होत्या. माजी कामगारांच्या मुलांच्या वाट्याला त्यांपैकी बहुधा सुरक्षारक्षक, वाढपी, सफाई कामगार अशा कंत्राटी जागा आल्या.

• जमिनीचे भाव व महागाई वाढल्याने शेजारच्या चाळींतील मूळ रहिवासी उपनगरांकडे सरकले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या खानावळी, दुकाने व मंडळे क्षीण झाली.

याउलट पुनर्वापराचे समर्थक असे दाखवून देतात की, पाडकाम होऊन मनोरे आले तेथे वरील सर्व तोटे तर झालेच, शिवाय वास्तूही गेली. जुनी इमारत राहिली तर तिचा सार्वजनिक उपयोग करण्याची शक्यता पुढील पिढीसाठी खुली राहते. पाडलेल्या इमारतीबाबत ती उरत नाही. नव्या बांधकामास लागणारे सिमेंट, पोलाद व ऊर्जा वाचते, हा पर्यावरणाचा मुद्दाही मांडला जातो.

बीडीडी चाळींशी तुलना

गिरण्यांप्रमाणेच कामगार वस्त्यांच्या जतनाचा प्रश्नही उभा राहिला. वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, ना. म. जोशी मार्ग येथे ३२ व शिवडी येथे १२ अशा एकूण २०७ बीडीडी चाळी होत्या. तळमजला व वर तीन मजले अशा प्रत्येक चाळीत साधारणतः १६० चौरस फुटांच्या ८० खोल्या आणि सामाईक शौचालये होती. या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले. रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे देण्याच्या या योजनेतील वरळीची पहिली घरे ऑगस्ट २०२५ मध्ये सुपूर्द करण्यात आली.

चाळींच्या बाबतीत पुनर्वापराचा आग्रह फारसा धरला गेला नाही, याचे कारण त्यांत माणसे राहत होती. गळक्या भिंती, अपुरी जागा व सामाईक शौचालये सोसून वारसा जपावा, अशी अपेक्षा रहिवाशांकडून करणे योग्य नव्हते. वास्तू जतनाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न गिरणी व चाळ या दोन्हींना लागू आहे, मात्र त्याचे उत्तर दोन्हींकडे एक असू शकत नाही.

महाराष्ट्रातील अन्य ठिकाणे

नागपूर येथे जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल बंद पडल्यावर तिच्या जागेवर व्यापारी व निवासी संकुल उभे राहिले. कोल्हापूर येथे राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पायाभरणी केलेली शाहू मिल बंद पडल्यानंतर त्या जागी शाहू महाराजांचे स्मारक करण्याची योजना पुढे आली. २०२२ मध्ये त्यांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त या आवारात कार्यक्रम व प्रदर्शने भरवण्यात आली. सोलापूर हेही गिरण्यांचे शहर असून तेथील 'जुनी मिल' १८७७ सालची होती. या शहरांत जमिनीचा भाव मुंबईइतका नसल्याने पाडकामाची घाई कमी आहे, परंतु त्याच कारणाने दुरुस्तीसाठी पैसा उभा राहणेही अवघड जाते.

जागतिक संदर्भ

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात सॉल्टेअर येथील सॉल्ट्स मिल ही १८५३ मध्ये सुरू झालेली गिरणी १९८६ मध्ये बंद पडली व पुढच्याच वर्षी तेथे कलादालन सुरू झाले. अमेरिकेतील लोवेल येथे १९७८ मध्ये गिरण्या, कालवे व कामगारांची वसतिगृहे यांचे मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान घोषित करण्यात आले. लंडनमधील जुन्या वीजनिर्मिती केंद्रात २००० मध्ये 'टेट मॉडर्न' हे कलासंग्रहालय सुरू झाले. जर्मनीतील एसेन येथील त्सोलफेराइन ही कोळसा खाण १९८६ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. पोलंडमधील वूच येथील कापडगिरणीत २००६ मध्ये 'मानुफाक्तुरा' हे व्यापारी व सांस्कृतिक संकुल सुरू झाले.

२००३ मध्ये रशियातील निझ्नी तागिल येथे स्वीकारलेल्या सनदेत औद्योगिक वारशाची व्याख्या करण्यात आली. केवळ इमारतीच नव्हे, तर यंत्रे, कागदपत्रे, कौशल्ये, कामगारांच्या वस्त्या आणि त्यांच्या आठवणी हेही त्या वारशाचे भाग आहेत, असा या सनदेचा आशय आहे. मुंबईत यंत्रे भंगारात गेली व अनेक गिरण्यांचे दप्तर विखुरले. लोवेलप्रमाणे गिरणी व वस्ती यांचा एकत्र विचार येथे झाला नाही.

साहित्य व कलांमध्ये

गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचे संकलन नीरा आडारकर व मीना मेनन यांनी केले असून ते २००४ मध्ये ग्रंथरूपाने इंग्रजीत प्रसिद्ध झाले. डॅरिल डिमॉन्टे यांनी २००२ मध्ये गिरण्या व त्यांच्या जमिनींविषयी ग्रंथ लिहिला. संपानंतर कामगार कुटुंबाची झालेली वाताहत जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात येते. या नाटकावर आधारित 'लालबाग परळ' हा महेश मांजरेकर दिग्दर्शित चित्रपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला. इमारती पाडल्या गेल्यावर गिरणगावाची स्मृती मुख्यतः अशा कृतींतून आणि कामगारांच्या आठवणींतून टिकून आहे.

हेही पाहा

• गिरणगाव
• मुंबईतील गिरणी कामगारांचा संप, १९८२
• नारायण मल्हार जोशी
• बीडीडी चाळी
• औद्योगिक वारसा